बीपीचं मशीन घेण्याआधी दंडाचा घेर मोजा

मी बाह्यरुग्ण विभागात सिस्टर आहे. डॉक्टरांकडे आत पाठवण्याआधी रुग्णाचं वजन, नाडी आणि बीपी मी घेते. गेल्या काही वर्षांत या कामात एक भर पडली आहे. लोक घरचं बीपीचं मशीन पिशवीत घालून आणतात, टेबलावर ठेवतात आणि म्हणतात, "सिस्टर, हे बरोबर दाखवतंय का, जरा बघा ना." मी आनंदाने बघते. घरी नियमित बीपी मोजणाऱ्या रुग्णावर उपचार करणं फार सोपं जातं. दवाखान्यात पाऊल टाकलं की काहींचं बीपी नुसत्या धास्तीने चढतं. काहींचं उलट असतं, आमच्यासमोर अगदी नॉर्मल आणि घरी किंवा कामाच्या ठिकाणी वाढलेलं. हे दोन्ही प्रकार घरच्या नोंदींशिवाय सहसा ध्यानात येत नाहीत.

मशीन बघता बघता मी एक प्रश्न हमखास विचारते : हेच का घेतलंत?

उत्तरं ठरलेली असतात. मुलाने ऑनलाइन मागवलं. शेजारच्या काकूंकडे हेच आहे. आकडे मोठे दिसतात. मोबाइलला जोडता येतं. सवलतीत मिळालं. मनगटाचं आहे, त्यामुळे बाही वर करायला लागत नाही. यातलं एकही कारण मी उडवून लावत नाही. ज्यांची नजर अधू झाली आहे त्यांच्यासाठी मोठे आकडे ही चैन नसते, ती गरज असते. ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांनी तर बोलून आकडे सांगणारंच मशीन घ्यावं. पण "माझ्या दंडाला याचा पट्टा बरोबर बसतो म्हणून घेतलं" हे उत्तर मला फार क्वचित ऐकायला मिळतं. खरं तर तिथूनच सुरुवात व्हायला हवी.

माझ्या खणात शिंप्याकडे असते तशी टेप असते. खांद्याचं वरचं हाड आणि कोपराचं टोक यांच्या बरोबर मध्यावर, हात सैल सोडून, दंडाभोवती टेप फिरवायची. टेप कातडीला टेकली पाहिजे, रुतता कामा नये. जो आकडा येईल तो सेंटिमीटरमध्ये लिहून ठेवायचा. मग मशीनबरोबर आलेला पट्टा उलटा करून त्यावर काय छापलंय ते वाचायचं. बहुतेक मशीनबरोबर येणाऱ्या साध्या पट्ट्यावर २२ ते ३२ सेंटिमीटर असं लिहिलेलं असतं. मोठा पट्टा ३२ ते ४२ चा. काही कंपन्या २२ ते ४२ असा दोन्हींना चालणारा पट्टा देतात. त्याहून जाड दंडासाठी आणखी मोठे पट्टे असतात, पण ते बहुधा वेगळे मागवावे लागतात आणि प्रत्येक मॉडेलला मिळतातच असं नाही.

एक काका गोळी वाढवायची का हे विचारायला आले होते. घरच्या वहीत वरचं बीपी सतत १६० च्या आसपास. अंगाने धिप्पाड, दंड भरला ४१ सेंटिमीटर. मशीनबरोबरचा पट्टा ३२ पर्यंतचा. तो त्यांनी ओढूनताणून कसाबसा लावलेला असायचा, वेल्क्रोचं टोक जेमतेम चिकटायचं आणि हवा भरताना करकर आवाज करत सुटायला लागायचं. मी त्यांना आमचा मोठा पट्टा लावून पाच मिनिटं शांत बसवलं. वरचं १४६ आलं, थोड्या वेळाने पुन्हा घेतलं तेव्हा १४४. बीपी होतंच, पण घरच्या आणि आमच्या आकड्यांत औषधाच्या एका पायरीएवढं अंतर होतं. डॉक्टरांनी गोळी तशीच ठेवली, मोठा पट्टा मागवायला सांगितलं आणि त्यावर आठवडाभर मोजून परत बोलावलं.

हा माझा एकटीचा अनुभव नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी २०२३ मध्ये नेमकं हेच तपासून प्रसिद्ध केलं. सगळ्यांना सरसकट साधा पट्टा लावला तर काय होतं? ज्यांना खरं तर सगळ्यात मोठा पट्टा लागत होता, त्यांचं वरचं बीपी सरासरी १९.५ ने जास्त आलं. ज्यांना मोठा लागत होता त्यांचं जवळपास ५ ने जास्त. आणि ज्यांना लहान पट्टा हवा होता, त्या बारीक अंगाच्या माणसांचं सरासरी ३.६ ने कमी. हे शेवटचं मला जास्त काळजीचं वाटतं. जास्त आकडा दिसला की माणूस धावत येतो. गरजेपेक्षा मोठ्या पट्ट्यामुळे कमी आकडा दिसला तर तो निर्धास्त घरी बसतो. हडकुळ्या आजीबाईंच्या २० सेंटिमीटरच्या दंडाभोवती साधा पट्टा दीड-पावणेदोन वेढे फिरतो, आणि "आईचं बीपी छान आहे" असं घरचे सांगतात, तेव्हा मी लहान पट्टा काढून पुन्हा घेतेच.

पट्ट्याचं एवढं महत्त्व का, हे समजायला मशीन आत काय करतं ते माहीत हवं. डॉक्टर स्टेथोस्कोप लावून रोहिणीतला, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणाऱ्या वाहिनीतला, आवाज ऐकतात. १९०५ मध्ये कोरोटकॉफ या रशियन डॉक्टरांनी ही पद्धत सांगितली. घरचं मशीन काहीच ऐकत नाही. ते पट्ट्यात हवा भरतं आणि रोहिणीच्या ठोक्यांनी पट्ट्यातल्या हवेला जे बारीक हादरे बसतात ते टिपतं. हादरे कुठे सर्वांत जोरात येतात, त्यावरून त्याला सरासरी दाब कळतो. वरचं आणि खालचं बीपी ते कंपनीने आत घातलेल्या सूत्राने काढतं. हे सूत्र प्रत्येक कंपनीचं वेगळं असतं आणि कुणी ते उघड करत नाही. शिवाय ते त्या मशीनच्या ठरावीक पट्ट्याशी जुळवलेलं असतं. म्हणून एका कंपनीचा पट्टा दुसऱ्या कंपनीच्या मशीनला लावू नये, नळी बसत असली तरी.

सूत्रच गुपित असल्यामुळे मशीन खरं बोलतं की नाही हे बाहेरून तपासावं लागतं. त्यासाठी २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक ठरलं. निदान ८५ माणसांवर, प्रशिक्षित निरीक्षकांनी स्टेथोस्कोपने घेतलेल्या आकड्यांशी मशीनचे आकडे ताडून बघायचे. सरासरी फरक ५ मिलिमीटरच्या (बीपी मिलिमीटर पाऱ्यात मोजतात) आत हवा आणि माणसागणिक तो किती मागेपुढे होतो यालाही मर्यादा आहे. या परीक्षेत उतरलेल्या मॉडेलना आम्ही व्हॅलिडेटेड म्हणतो.

खोक्यावर मात्र "अचूकता ±३ मिमी" असं ठळक छापलेलं असतं, आणि ते वाचून लोकांचा गैरसमज होतो. तो आकडा मशीनच्या आतल्या दाब मोजणाऱ्या सेन्सरचा आहे. पट्ट्यात हवेचा दाब किती आहे हे मशीनला बरोबर कळतं, एवढंच तो सांगतो. तुमच्या रोहिणीतला दाब ते बरोबर काढतं की नाही, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. आतला सेन्सर उत्तम आणि सूत्र कच्चं, असं मशीनही बाजारात असू शकतं. विक्रीचा सरकारी परवाना असणं हीसुद्धा वेगळी गोष्ट आहे. परवाना आहे म्हणजे ८५ माणसांवरची ती परीक्षा झालीच, असं धरून चालू नये.

मग सामान्य माणसाने ओळखायचं कसं? मॉडेलचा नंबर बघायचा. नुसतं कंपनीचं नाव पुरत नाही, कारण एकाच कंपनीची काही मॉडेल तपासलेली असतात आणि काही नसतात. मशीनच्या पोटाखाली एक बारीक अक्षरांचं लेबल असतं, त्यावर अक्षरं आणि आकडे मिळून नंबर असतो. तो स्ट्राइड बीपी या आंतरराष्ट्रीय यादीत शोधायचा. अमेरिकेची व्हॅलिडेट बीपी आणि ब्रिटन-आयर्लंडच्या हायपरटेन्शन सोसायटीची यादीही आहे. सगळ्या इंटरनेटवर फुकट बघता येतात. ज्या मुलाला मशीन ऑनलाइन मागवता येतं त्याला ही यादी बघणं मुळीच अवघड नाही, पण तिकडे कुणी त्याचं लक्ष वेधत नाही, म्हणून मी चिठ्ठीवर लिहून देते. ऑस्ट्रेलियन संशोधकांनी २०२० मध्ये ऑनलाइन विकली जाणारी मशीन तपासली, तेव्हा दंडाच्या मशीनपैकी एक पंचमांशही व्हॅलिडेटेड निघाली नाहीत. मनगटाच्या मशीनचं प्रमाण त्याहून कमी. आणि हातात घालायच्या पट्टीवजा उपकरणांत एकही नाही.

मनगटाच्या मशीनबद्दल माझं मत स्पष्ट आहे : दंडाचं वापरता येत असेल तर मनगटाचं घेऊ नका. मनगट हृदयाच्या पातळीला आलं पाहिजे आणि मोजून होईपर्यंत तिथेच राहिलं पाहिजे. ते १० सेंटिमीटर जरी खाली राहिलं तरी बीपी सात-आठ मिलिमीटरने जास्त येतं, वर गेलं तर तेवढंच कमी. घरी कोण इतकं सांभाळतं? हात मांडीवर पडलेला असतो. तरीही काहींना मीच मनगटाचं सुचवते. दंड खूपच जाड आणि कोपराकडे एकदम निमुळता असेल तर दंडाचा पट्टा काही केल्या नीट बसत नाही, खालची कड उघडी राहते आणि हवा भरली की सबंध पट्टा घसरतो. अशांनी यादीतलं, हात चुकीच्या पातळीला असेल तर इशारा देणारं मनगटाचं मशीन घ्यावं, आणि ते कसं धरायचं हे कुणाकडून तरी समोर बसून शिकून घ्यावं.

बीपी दाखवणाऱ्या घड्याळांबद्दल तरुण रुग्ण खूप विचारतात. ज्यात पट्टा फुगत नाही ती घड्याळं दाब थेट मोजत नाहीत, नाडीच्या लाटेवरून अंदाज बांधतात. त्यातल्या कित्येकांना ठरावीक दिवसांनी पट्ट्याच्या मशीनचा आकडा भरवून जुळवून घ्यावं लागतं. म्हणजे मशीन काही टळत नाही. युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनच्या २०२३ च्या सूचनांतही निदानासाठी किंवा उपचार ठरवण्यासाठी ती वापरू नयेत, असंच म्हटलं आहे. पावलं मोजा, झोप मोजा, पण गोळीचा निर्णय त्यावर नको.

जुन्या पिढीतले काही आजोबा अजून म्हणतात, "पाऱ्याचंच खरं." त्यांचा विश्वास मला समजतो. रिवा-रोची या इटालियन डॉक्टरांनी १८९६ मध्ये पाऱ्याचं यंत्र आणलं, तेव्हापासून शंभरहून जास्त वर्षं सगळं वैद्यकशास्त्र त्यावर चाललं, आणि आजही आपण बीपी मिलिमीटर पाऱ्यातच सांगतो. पण पारा विषारी आहे आणि पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या मिनामाता या आंतरराष्ट्रीय करारानुसार तो या उपकरणांतून हद्दपार होत आहे. घरात तर तो नकोच. गोल चकतीचं, हाताने हवा भरायचं मशीनही घरासाठी मी सुचवत नाही. एकदा पडलं की काटा सरकतो आणि ते कळतही नाही. शिवाय स्वतःच्याच हाताला पट्टा, कानात स्टेथोस्कोप आणि दुसऱ्या हाताने फुगा दाबायचा म्हणजे कसरत, आणि त्या कसरतीनेच बीपी वाढतं.

काही जणांना जरा वेगळी काळजी घ्यावी लागते. गरोदर बाईसाठी मशीन घेताना ते गरोदरपणासाठी वेगळं तपासलेलं आहे का हे यादीत आवर्जून बघा. प्रीएक्लॅम्पसियात, म्हणजे गरोदरपणात बीपी वाढण्याच्या गंभीर आजारात, बरीच मशीन असतं त्यापेक्षा कमी बीपी दाखवतात, आणि तिथे कमी दिसणं फार महागात पडू शकतं. ज्यांना ॲट्रियल फिब्रिलेशन आहे, म्हणजे हृदयाचे ठोके अनियमित पडतात, त्यांच्या प्रत्येक ठोक्याचा दाब वेगळा असतो. त्यांनी एका आकड्यावर न जाता तीन वेळा मोजून सरासरी घ्यावी. सलग तीनदा मोजून आपोआप सरासरी दाखवणारं मॉडेल त्यांना सोयीचं पडतं. पडद्यावर अनियमित ठोक्यांची खूण वारंवार दिसत असेल तर ईसीजी काढायला या. त्या खुणेवरून घरी निदान करू नका.

मेमरी मात्र मी सगळ्यांनाच घ्यायला सांगते. वहीत लिहिताना माणूस नकळत निवड करतो. १५२ आलं की "आत्ताच जिना चढून आलो म्हणून असेल" असं म्हणून पुन्हा मोजतो आणि १३८ आलं की ते लिहितो. कुणी १३७ चे १४० करतं, कुणी १३०. यात फसवायचा हेतू नसतो, माणसाला आपलं बीपी चांगलं असावं असं वाटतं एवढंच. मेमरीत सगळे आकडे तारीख-वेळेसह राहतात आणि डॉक्टरांना खरं चित्र दिसतं. घरात दोघांना बीपी असेल तर दोन वेगळ्या खात्यांची सोय बघून घ्या. नाहीतर नवऱ्याचे आणि बायकोचे आकडे एकमेकांत मिसळतात आणि ते वेगळे करायला कुणालाच जमत नाही. मोबाइलची जोडणी हवी तर घ्या, पण त्या जादा पैशांत मोठा पट्टा येत असेल तर मी पट्टा घेईन.

काही माणसांनी मशीन घेऊच नये, किंवा निदान त्यांच्या हाताशी ठेवू नये, असंही मला वाटतं. एक ताई रात्री झोपेतून उठून मोजायच्या. आकडा जरा वर दिसला की छातीत धडधड, मग पुन्हा मोजायचं, तो आणखी वर. त्यांना मशीनची नव्हे, धीराची गरज होती. डॉक्टरांनी मशीन मुलीकडे ठेवायला सांगितलं आणि तपासणीच्या आधीच्या आठवड्यात फक्त सकाळ-संध्याकाळ मुलीनेच मोजायचं ठरलं. इतरांनाही पद्धत हीच : सकाळी गोळी आणि नाश्त्याआधी दोनदा, संध्याकाळी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, सात दिवस. पहिला दिवस सोडून बाकीच्यांची सरासरी काढायची. ती १३५/८५ किंवा त्याहून वर असेल तर घरच्या मोजमापात बीपी वाढलेलं धरतात. दवाखान्यातली १४०/९० ची रेषा घरी लावू नका. काही देशांत १३०/८० ही आणखी खालची रेषा धरतात, तेव्हा तुमच्यासाठी कोणती हे डॉक्टरांना विचारून घ्या.

बसण्याबद्दल एवढंच : पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, एकावर एक नाहीत, लघवी करून आलेले, अर्धा तास आधी चहा-कॉफी-सिगारेट नाही, पाच मिनिटं गप्प. हात टेबलावर. हात मांडीवर ठेवला तर वरचं सुमारे ४ ने आणि बाजूला लोंबकळत ठेवला तर साडेसहाने जास्त येतं, हे २०२४ च्या एका अभ्यासात नीट मोजलेलं आहे. म्हणून मशीन निवडताना नळीची लांबीही बघा. नळी आखूड असली की मशीन मांडीवर घ्यावं लागतं आणि हातही तिथेच येतो. पट्टा एका हाताने लावून बघा. एकटे राहणाऱ्यांना आणि सांधे दुखणाऱ्यांना सुट्या पट्ट्यापेक्षा आधीच गोल वळलेला, हातात सरकवायचा ताठ पट्टा फार सोपा जातो.

"दर वेळी वेगळंच दाखवतं, खराब दिसतंय," ही सगळ्यात जास्त ऐकू येणारी तक्रार. बहुतेकदा मशीन ठीक असतं. बीपीच मिनिटामिनिटाला बदलतं, लागोपाठच्या दोन आकड्यांत पाच-दहाचा फरक अगदी स्वाभाविक आहे. खरी शंका असेल तर मशीन घेऊन या. मी एकाच हातावर आळीपाळीने घेते, आधी तुमचं, मग आमचं, पुन्हा तुमचं, पुन्हा आमचं. पाचच्या आत फरक असला की बिनधास्त वापरा. दहाच्या वर राहिला तर आधी पट्टा बघते, मग नळीला चीर गेली आहे का, सेल उतरलेत का. तरीही फरक राहिला तर मशीन बदला असं सांगते. नवीन मशीन आणल्यावर एकदा आणि पुढे दर वर्षी एकदा हे करून घ्यावं. येताना पट्टाही आणा, बरेच जण नुसतं मशीन आणतात. पहिल्या खेपेला मी दोन्ही हातांचं बीपी घेते. ज्या हाताचं सातत्याने जास्त भरतं तोच हात घरी कायम वापरायचा असतो. तो डावा की उजवा आणि दंडाचं माप किती, हे दोन्ही मी मशीनच्या खोक्यावर मार्करने लिहून देते.